मोटारीचे दिवे लागेनात

मी तेव्हा श्रीवर्धनला एका कोळी मालकाच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. त्यानं आपली होडी विकून ती मोटार घेतली होती आणि हरिहरेश्वरपर्यंत उतारू न्यायचा परवाना मागितला होता. चार वाजता फौजदार मोटार तपासायला यायचे होते. दिवे लागले तर परवाना, नाहीतर होडीही गेली आणि धंदाही. आणि नेमके त्याच दुपारी दिवे लागेनात!

बटण फिरवून फिरवून बोटं दुखली. भोंगा मात्र गाढवासारखा ओरडत होता, म्हणजे बॅटरी ठणठणीत. दोन्ही बल्ब काढून थेट बॅटरीला लावले, तर झकास पेटले. म्हणजे दोष मधल्या तारांत, नाहीतर बटणात. भोवती रिकामटेकडे जमलेच होते. एकजण म्हणाला, "नारळ फोडा, दृष्ट लागली असंल."

"तुझ्याच डोक्यावर फोडू का?" मी म्हणालो. माझ्या सदऱ्यात घाम, कॉलरमध्ये वाळू, आणि याला नारळ सुचतोय!

शेवटी एका बल्बला दोन तारा बांधल्या. एक तार मोटारीच्या सांगाड्याला धरली, दुसरी बटणात येणाऱ्या तारेला लावली. बल्ब पेटला. मग बटणातून दिव्यांकडे जाणाऱ्या तारेला लावली. ढिम्म. चोर बटणातच होता. ते उघडलं आणि वासानंच माझं डोकं फिरलं. माशाचं तेल! होडीच्या फळ्यांना चोपडतात ते. वाळून डिंकासारखं घट्ट झालेलं, पितळी पट्ट्यांवर त्याचा थर. वीज जाणार कुठून?

मालक फौजदारांना आणायला गेला होता. त्याची म्हातारी आई समोरच ओट्यावर बसली होती. मोटारीच्या बिजागऱ्यांना ती कोंबडीच्या पिसानं तेल लावते हे मला ठाऊक होतं. मी तिच्यावर ओरडलो, "आई, बटणात तेल घालतात का? अक्कल गहाण टाकलीत काय?"

ती म्हणाली, "तूच बोल्लास ना, खाऱ्या वाऱ्यानं गंजतंय, धातू दिसंल तितं लाव म्हून? मी कायबी सोरलं न्हाय."

खरंच बोललो होतो. 'हितं लावू का, तितं लावू का' अशी तिची भुणभुण नको म्हणून तसं फेकून दिलं होतं. मला तिचा आणखीच राग आला. बटण घासलेटानं धुतलं, पट्ट्या काचकागदानं घासल्या, आणि फौजदार दारात येतात न येतात तोच दिवे लागले.

परवाना मिळाला. फौजदार गेल्यावर मालकानं विचारलं, "काय झालेलं रे?"

मी तोंड उघडायच्या आत म्हातारी म्हणाली, "मी बटनात तेल लावलं. माजंच चुकलं."

मालक चवताळला. "आये, आता होरी गेली, ही मोटारबी घालवतेस? कोनी सांगितलं तुला?"

तिनं एकवार माझ्याकडे पाहिलं. "कोनी न्हाय," म्हणाली, आणि तेलाचं भांडं उचलून आत गेली.

मी हातातल्या फडक्यानं मोटारीचं बटण पुसत उभा राहिलो.