बांगडी म्हणजे बायाँ

हिंदी मुलखातल्या खमरियाच्या फॅक्टरी-क्वार्टरात डोमाजींच्या घरी सुखानं जेवायची चोरी झाली होती. एकोणीसशे पंच्याहत्तरच्या सुमारास त्यांची लेक अंजनी शहरातल्या एका दवाखान्यात एक्स-रेचं काम शिकायला जाऊ लागली आणि घरच्यांची हाडं तिच्या तावडीत सापडली. भाकरीचा तुकडा मोडणाऱ्या आईचं मनगट धरून ती म्हणायची, "माय, इथं बारीक बारीक हाडं हायेत, खड्यांसारखी."

"राहू दे तिथंच. मले भाकर खाऊ दे," भीमाबाई म्हणायची. डोमाजी मात्र फॅक्टरीच्या बसमध्ये ज्याला त्याला सांगत सुटले होते, की आमची पोरगी माणसाच्या आतलं वाचते.

पोरगी हुशार, यात शंकाच नाही. फिल्म दिव्यासमोर लावली, की त्यातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं समजायचं. त्याचा उजवा हात आपल्या डाव्या हाताला. हे भल्याभल्यांना पचत नाही, तिला चार दिवसांत पचलं. घोडं अडलं ते भलतीकडेच. शिकवणारे शालिग्राम सर हिंदी बोलणारे. ते ओरडायचे, "दायाँ लगाओ!" म्हणजे प्लेटवर उजव्या बाजूचं शिशाचं अक्षर ठेव. आणि जन्मभर घरात 'डावा' ऐकलेल्या अंजनीचा हात सरळ डाव्या अक्षराकडे जायचा. दायाँ आणि डावा! कानाला सख्ख्या बहिणी, अर्थानं सवती. आता सांगा, यात पोरीचा काय दोष?

पण दोष लागलाच. छातीत पाणी झालेल्या एका माणसाच्या फिल्मवर उलटं अक्षर गेलं. काळीज भलत्या बाजूला दिसलं म्हणून डॉक्टरांच्या लक्षात आलं, नाहीतर सुई चांगल्या बाजूला टोचली असती. शालिग्राम सर लालबुंद झाले. "एक गलती और, फिर घर बैठना," त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं.

अंजनी घरी येऊन हमसून हमसून रडली. भीमाबाईनं तिच्या मनगटाला काळा दोरा बांधायला काढला, तर डोमाजी कडाडले, "गंडेदोरे आपण कवाचे सोडले! काहून आणून राहिली परत?"

"मंतरायचा नाही जी, खुणेचा हाय," भीमाबाई म्हणाली. तरी दोरा ठेवला बाजूला, लेकीच्या उजव्या हातातली बांगडी उतरवून तिच्या पिशवीत टाकली आणि डावीकडची राहू दिली. "हे पाह. बांगडी म्हणजे बायाँ. मोकळा तो दायाँ." अंजनीला हसू आलं. पण दुसऱ्या दिवसापासून बांगडी बघूनच अक्षर ठेवायला लागली, आणि चूक थांबली.

मग एक दिवस चेरीताल मोहल्ल्यातल्या मराठी पार्वताबाई आल्या. पायरीवरून पडलेल्या, दोन्ही गुडघे सारखेच सुजलेले. "कौन सा ज़्यादा?" शालिग्राम सरांनी विचारलं.

एरवी म्हातारी फर्डं हिंदी बोलायची, पण कळवळताना माणूस घरचीच भाषा बोलतो. "डावा! डावा गुडघा लई ठणकून राहिला."

"अच्छा, दायाँ." सरांनी उजव्या गुडघ्याखाली प्लेट सरकवली. "अंजनी, निशान!"

अंजनीनं बांगडी बघितली, बरोबर उजवं अक्षर उचललं आणि थबकली. सरांच्या शब्दाला तिचं अक्षर चोख होतं. गप्प राहिली तर जागा सुरक्षित. बोलली आणि ऐकण्यात आपलीच चूक निघाली तर उद्यापासून घरी. पण समोर म्हातारी कण्हत होती.

"आजी, ठणकतो त्यावर हात ठेवा बरं."

पार्वताबाईंनी दुसऱ्याच गुडघ्यावर थाप मारली. "हा नाही तर कोणता? डावा म्हणून राहिली न मी मघापासून!"

सरांनी प्लेट परत ओढून घेतली. "डावा मतलब... बायाँ?" मग हळूच म्हणाले, "तो तू रोज़ यही सुनती थी? पहले क्यों नहीं बताया?"

"तुम्ही विचारलं कुठं, सर?" अंजनी घाबरून मराठीतच बोलून गेली. सर मोठ्यानं हसले. त्यांनी प्लेट तिच्याच हाती दिली आणि स्वतः बाजूला झाले.

त्या संध्याकाळी डोमाजी दारातच उभे होते. लेकीच्या दोन्ही हातांत बांगड्या, खुणेचा मोकळा हात उरलाच नाही, हे बघून त्यांनी धास्तावून विचारलं,

"काढून टाकलं का त्यांनी?"

"नाही, बाबा," अंजनी म्हणाली. "आता सरच बोट ठेवून विचारतात, कोणता म्हणून."