मागची रांग विकायची नाही

१२ मे. दुकानातला बाटल्यांचा कूलर आतून-बाहेरून पुसायचा होता आणि तो बाराच्या आत पुसून व्हायला हवा होता, कारण बारा वाजता कंपनीचा साहेब फोटो काढायला येणार होता.

दुकान आमचं दौंडहून शिरूरकडे जाताना एका फाट्यावर आहे. नाव सांगून उपयोग नाही, कारण एसटीचे कंडक्टरसुद्धा त्याला ‘लाल दुकान’ म्हणतात. भिंत कंपनीने रंगवलेली आहे. माझं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा दोन रंगारी शिडी घेऊन आले आणि सासऱ्यांना म्हणाले, भिंत द्या, रंग फुकट. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांनी विचारलं, मागची पण रंगवणार का. मागची भिंत रस्त्यावरून दिसत नाही, त्यामुळे ते नाही म्हणाले. तिला आम्ही अजून दर दिवाळीला चुना लावतो. पुढच्या भिंतीवर पेयाचं नाव पुरुषभर उंचीचं आहे आणि दुकानाचं नाव खाली कोपऱ्यात, विटेएवढ्या अक्षरांत.

त्या काळ्या पेयाचं नावही मी इथे लिहीत नाही. त्याची पुरेशी जाहिरात झालेली आहे.

माझं माहेर दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं. मला ही बाटली आधी ऐकू आली, मग दिसली. फलाटावर गाडी लागली की विक्रेते क्रेट खांद्यावर घेऊन डब्यांच्या बाजूने पळायचे आणि हातातला ओपनर बाटल्यांच्या रांगेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचे. कर्रर्र. ओरडायची गरज नव्हती. झोपलेली माणसं त्या आवाजाने उठून खिशात हात घालायची. पुढे मी या पेयाच्या पुष्कळ जाहिराती पाहिल्या, पण एवढं काम करणारी एकही नाही.

तेव्हा खरं तर ती मूळची परदेशी कंपनी देशात नव्हती. मधे सरकारशी पटलं नाही म्हणून ती गाशा गुंडाळून गेली होती आणि तिच्या जागी इथलीच दोन-तीन पेयं आली होती. वडील म्हणायचे, मूळची चव वेगळीच होती. मूळचं किती वेळा प्यायलात, असं मी एकदा विचारलं. एकदाच, ते म्हणाले, तेही साहेबांनी बाटलीत उरवलेलं.

मी हायस्कूलला असताना कंपनी परत आली. आली ती तयारीनेच. पानाच्या टपरीवर तिच्या छत्र्या, हॉटेलात तिची घड्याळं, जी दोन महिन्यांत बंद पडायची आणि तरी कोणी काढायचं नाही. टीव्हीवर एक नट बाटलीसाठी कड्यावरून उडी मारायचा. आई म्हणाली, एवढ्या उन्हात डोंगरावर जाताना पाणी न्यायचं असतं. जाहिरातीबद्दल आमच्या घरात झालेली चर्चा तेवढीच.

आमच्याकडे हे पेय पिण्याचं नव्हतं, देण्याचं होतं. साहेब आला, डॉक्टर आला, व्याही आले, तर बाटली. घरच्यांनी लिंबूसरबत प्यायचं. सोयरीक जुळली की मुलीच्या मामाने सगळ्यांसमोर बाटली फोडून पहिला पेला व्याह्यांच्या हातात द्यायचा, हा आमच्या भागातला रिवाज याच बाटलीने पाडला. कुठल्याही पोथीत तो नाही, पण चुकला तर वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं. माझ्या साखरपुड्याला मामा, म्हणजे सासरे, आयुष्यातली पहिली बाटली प्यायले. तोवर त्यांचा सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला. प्यायले, मोठी ढेकर दिली आणि माझ्या वडिलांना विचारलं, “आता हे पचायला काय देता?”

तेच मामा पुढे मेंढरं विकून फाट्यावर दुकान घालून बसले आणि तेव्हापासून हेच विकत आले. आधी लाकडी पेटीत बर्फ आणि भुसा, मग काचेच्या बाटल्या जाऊन प्लास्टिकच्या आल्या. रिकाम्या झालेल्या बाटल्या गावाने वाटून घेतल्या. रॉकेल, दूध, काकवी, फिनेल, सगळं त्याच बाटलीतून शेतावर जातं आणि परत येतं. नऊ वर्षांपूर्वी कंपनीने कूलर दिला. काचेचं दार, आत दिवा, वर नाव. तोही फुकट, फक्त एक अट होती. त्यात कंपनीच्या मालाशिवाय काही ठेवायचं नाही. याला ते प्युरिटी म्हणतात.

अट आम्ही पाळत नव्हतो. सासूबाईंना साखरेचा त्रास आहे, त्यांना रोज संध्याकाळी जेवणाआधी इन्सुलिन लागतं. आत्या म्हणतो आम्ही त्यांना. आमची वस्ती दुकानामागे शेतात आहे आणि तिथे शेतीच्या लाइनची वीज, दिवसात आठ तास, आली तर. दुकानाची लाइन गावठाणची, ती सहसा जात नाही. त्यामुळे आत्यांचा महिन्याचा साठा कूलरमध्ये. वस्तीवरच्या आणखी दोघांना कळलं, मग त्यांचाही. वरच्या चार फळ्यांवर साखर आणि खालच्या फळीवर तिचं औषध, अशी नऊ वर्षं चालली होती.

या वर्षी नवा साहेब आला. पहिल्यांदा त्याला दही सापडलं, दुसऱ्यांदा कढीपत्ता. दोन्ही वेळा न सांगता येऊन फोटो काढला; औषध बाटल्यांमागे होतं म्हणून दिसलं नाही. तिसऱ्यांदा सापडलं की कूलर उचलायचा असा नियम आहे, असं त्याने शांतपणे सांगितलं. आणि मे महिन्यात बेचाळीसच्या उन्हात कूलर गेला, तर तिघांचं महिन्याचं औषध ठेवायला गार जागा राहणार नव्हती.

म्हणून आदल्या दिवशी मी दोन खोट्या बाटल्या केल्या. घरातल्या दोन लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या, लेबलाच्या आत चिरल्या. मोडक्या छत्रीचं काळं कापड आतून लावलं. प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत इन्सुलिन, भोवती पाण्याच्या पिशव्या, म्हणजे वजनही बरोबर भरतं आणि गारवाही टिकतो. बर्फ घातला नाही, गोठलं तर औषध वाया जातं. जोड टेपने चिकटवून वर लेबल ओढलं. दाराच्या काचेतून पाहिलं तर मलाही ओळखू येईनात. खालच्या फळीवर अगदी मागे ठेवल्या आणि मामांना बजावलं, खालची मागची रांग विकायची नाही. मामा व्हय म्हणाले.

साहेब बाराला आला. तिशीतला माणूस, हातात टॅब, कपाळावर घाम. दही नाही, कढीपत्ता नाही. मान हलवली, फोटो काढला. आता जाईल, असं मला वाटलं. पण तो गुडघे टेकून खाली बसला आणि बाटल्यांच्या मानेवरच्या तारखा वाचायला लागला.

“मॅडम, जुना माल मागे ठेवलाय. जुना पुढं घ्यायचा, नवा मागं. आधी येईल ते आधी गेलं पाहिजे.”

घरातल्या बाटल्या रिकाम्या होत्या म्हणजे जुन्याच असणार, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याने माझ्या दोन्ही बाटल्या माना धरून उचलल्या, पुढच्या रांगेत आणून ठेवल्या, लेबलं रस्त्याकडे वळवली आणि म्हणाला, “या दोन आज-उद्या काढून टाका.” वजनात त्याला काही वावगं वाटलं नाही. काम चांगलं झालं होतं. त्याने प्युरिटीचे पैकीच्या पैकी गुण भरले आणि गेला.

तेव्हाच त्या परत मागे सरकवायला हव्या होत्या. पण वस्तीवर पिठाची गिरणी चालू होण्याची वेळ झाली होती, आणि गिरणी विजेवर चालते. दळण टाकून, दोन घास खाऊन मी तासाभरात परत आले. खालची पुढची रांग पूर्ण रिकामी होती. मामा गल्ल्यावर बसून समाधानाने वारा घेत होते.

“सहाच्या सहा गेल्या,” ते म्हणाले. “मागचीला हात लावला न्हाई. तू सांगितलं व्हतं.”

“कोणी नेल्या?”

“इनामगावचं पाव्हणं. साखरपुडा हाय त्यांच्यात. जीपमधी टाकल्या आन् गेले बी.”

मामांना काही बोलण्यात अर्थ नव्हता. त्यांनी सांगितलं तेच केलं होतं. मी कूलरमधून दोन खऱ्या बाटल्या काढल्या, स्कूटीच्या डिकीत घातल्या आणि निघाले. रिकाम्या हाताने मागायला जाऊ नये.

इनामगावात मांडव शोधावा लागला नाही, स्पीकरचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी पोहोचले तेव्हा मुलीच्या तोंडात साखर घालून झाली होती, फोटो झाले होते, आणि मुलीचा मामा सफारी घालून, बाटली हातात धरून व्याह्यांसमोर उभा होता. बाकीच्या बाटल्या बाजूला बर्फाच्या टबात. मी टबाकडे जायला लागले. त्याने झाकण फिरवलं.

आवाज आला नाही.

त्याने बाटली पेल्यावर तिरकी केली. काही पडेना. आणखी तिरकी केली, तर काळ्या कापडाचं टोक बाहेर आलं आणि लोंबत राहिलं.

नवऱ्यामुलाचे आजोबा पुढे वाकून पाहत होते. “कापड हाय व्हय आत?”

“छत्रीचं,” मी म्हणाले.

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी कोण, कुठली, हे एका दमात सांगितलं. बाटली आमच्या दुकानातली आहे, चुकून विकली गेली, आत आमच्या सासूबाईंचं आणि आणखी दोघांचं औषध आहे, आणि टबात अशीच आणखी एक आहे. व्याह्यांच्या बाजूची एक बाई, बहुतेक मुलाची आत्या, पदर सावरत म्हणाली, “आता व्याह्यांना औषध पाजायची रीत निघाली का तुमच्याकडं?” मुलीच्या आईचा चेहरा पांढरा पडला. मघाशी म्हटलं तसं, ही गोष्ट वर्षानुवर्षं ऐकून घ्यायची असते, आणि ती ऐकणार होती ती मुलगी.

“पाजायचं नाही, टोचायचं आहे,” मी म्हणाले. “तेही तुम्हाला नाही. यात मुलीकडच्यांची काही चूक नाही, चूक माझी.”

आजोबांनी विचारलं, “साखरेचं औषध?”

“व्हय, आबा.”

“मंग ते घेऊन जा तू. आन् आमचं कुठं हाय?”

मी डिकीतल्या दोन्ही आणून दिल्या. मुलीच्या मामाने एक फोडली. या वेळी आवाज आला, चांगला मोठा. लोक हसले, मुलाची आत्या हसली नाही पण पेला घेतला. टबातल्या बाटल्या मी एकेक दाबून पाहिल्या. खऱ्या घट्ट लागतात, माझी मऊ लागली. बाहेर सावलीत बसून दोन्ही उघडल्या. डबे कोरडे, औषध गार, गोठलेलं नाही. निघताना मुलीच्या आईने मला जेवून जा म्हटलं. मी नको म्हटलं, तर तिने बुंदी बांधून दिली. आमच्या आत्यांना ती चालत नाही, मामांनी खाल्ली.

साडेसातला आत्यांनी इन्सुलिन टोचून घेतलं. दिवसभरात ते कुठे जाऊन आलं हे मी त्यांना सांगितलं नाही, पण मामांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला कुणी नेत न्हाई साखरपुड्याला.”

कापडाच्या टोकाचा व्हिडिओ कोणीतरी काढला होताच. लेबल त्यात स्वच्छ दिसत होतं. आठ वाजता माल टाकणाऱ्या एजन्सीच्या सेल्समनचा फोन आला. साहेबांनी व्हिडिओ पाहिलाय वहिनी, उद्या टेंपो घेऊन कूलर न्यायला येतील. किती वाजता, असं मी विचारलं. अकरा, तो म्हणाला. साहेबांशी बोलून बघतो, माफीचं पत्र दिलं तर कदाचित, असंही तो म्हणाला. मी म्हटलं, नको, अकरा ठीक आहे. मग इन्सुलिनचे डबे बाटल्यांतून काढले आणि रात्रीपुरते कूलरमध्ये सगळ्यात वरच्या फळीवर, मधोमध ठेवले. दिव्याखाली ते छान दिसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दौंडला गेले. कॉलनीत भावाच्या शेजारचं एक कुटुंब बदली होऊन निघालं होतं, त्यांचा फ्रिज विकायचा होता हे मला महिनाभर माहीत होतं. नऊ वर्षं फुकटात गार मिळत असताना फ्रिज घ्यायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. पांढरा, मध्यम, दाराला एक पोचा. टेंपोत उभा बांधून साडेनऊला फाट्यावर आणला. दुकानात त्याला पुरेल असं एकच सॉकेट होतं. मी कूलरची पिन काढली आणि फ्रिजची घातली. कूलरमधला दिवा विझला. मामांनी विचारलं, आता बाटल्या गरम होतील त्याचं काय. मी म्हटलं, अकराला कूलर जाणारच आहे, गरमच विका, आणि इन्सुलिनचे तिन्ही डबे अंड्यांच्या कप्प्यात लावले.