आपल्याच दुकानाची जाहिरात

महाद्वार रोडवर एकावन्न सालाच्या सुमाराला ज्यांचा आवाज आम्ही सकाळ-संध्याकाळ ऐकायचो, त्या मीनाक्षीताई दिसायला अगदी साध्या होत्या. बोलायला लागल्या की मात्र भाजी घेणारा माणूस हातातली जुडी खाली ठेवायचा.

त्यांच्या यजमानांचं, नृसिंहरावांचं, रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. खरंखुरं रेडिओ केंद्र काढायला सरकार काही परवानगी देणार नव्हतं. मग या गृहस्थानं डोकं चालवलं. दुकानात मायक्रोफोन आणि ग्रामोफोन ठेवला, तारा ओढल्या आणि भवानी मंडपापर्यंत जागोजागी कर्णे बसवले. दोन रेकॉर्डींच्या मध्ये बाजारातल्या दुकानांच्या जाहिराती. झालं आमचं कोल्हापूरचं केंद्र! सुरुवातीला नृसिंहराव स्वतःच बोलायचे, पण त्यांच्या तोंडून चहापावडरीची जाहिरातसुद्धा कुणीतरी गेल्याची बातमी वाटायची. म्हणून त्यांनी मॅट्रिक झालेल्या बायकोला पुढे बसवलं. घरंदाज बाईनं भर बाजारात बोलायचं म्हणून आमच्या गल्लीत नाकं मुरडली गेली. पण चपलांच्या दुकानदाराचा माल दिवाळीआधीच संपला, आणि नाकं मुरडणारेच जाहिरात घेऊन दारात उभे राहिले.

अडचण एकच होती. दुकानाचं नाव 'नृसिंह रेडिओ हाऊस', आणि मीनाक्षीताई नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. त्यामुळे साऱ्या बाजाराची जाहिरात व्हायची, आपल्या दुकानाची नाही. फारच झालं तर त्या म्हणायच्या, "भांड्यांच्या दुकानाशेजारी रेडिओ दुरुस्त करून मिळतील." लोक बिघडलेले रेडिओ घेऊन थेट भांड्यांच्या दुकानात शिरायचे आणि तो बिचारा भांडीवाला कपाळावर हात मारून घ्यायचा.

"अगं, शिकलेली ना तू?" नृसिंहराव वैतागायचे. "खरं वाटतं तुला असलं काही?"

"नाही वाटत. पण खरं निघालं तर? तुमच्यावर करून बघू?"

"मग उखाण्यात घे."

"दिवसभर उखाणेच घेत बसले तर लोक हळदीकुंकवाला येतील. रेडिओ घेऊन कोण येईल?"

लग्नाच्या पहिल्याच वर्षी नृसिंहराव विषमज्वरातून मरता मरता वाचले होते. त्यामुळे या बाईंच्या हट्टाला मी कधी हसलो नाही. जीव लावलेलं माणूस कुणी पणाला लावत नाही.

दिवाळीनंतरच्या चैत्रात जोतिबाची यात्रा आटोपून माणसं अंबाबाईच्या दर्शनाला लोटली होती. सगळा रस्ता गुलालानं माखलेला. दुपार कलताना एक नवी नवरी रडत दुकानापाशी आली. मीही तिथंच उभा होतो. बायडाबाई तिचं नाव, सासर मलकापूर. गर्दीत नवऱ्याचा हात सुटला होता.

मीनाक्षीताईंनी लगेच पुकारलं, "मलकापूरच्या बायडाबाई इथं आहेत, त्यांच्या माणसांनी यावं." बायडाबाई तर घरोघरी. दोघंतिघं धावत आले, बघून "ही न्हवं आमची" म्हणत परत गेले. एक म्हातारा तर तिला आपल्याच गाडीतून न्यायला निघाला. पोर आणखीच बावरली.

"नवऱ्याचं नाव सांग बाळ," ताई म्हणाल्या.

"न्हाय घ्यायचं. मालकाचं आयुष्य कमी हुतंय."

"उखाण्यात घे मग."

"आठवंना झालाय." तिला हुंदका आवरेना. "मलकापूरची शेवटची मोटार सुटंल आता. लगीन होऊन म्हैना न्हाय झाला, आन् सांजच्याला त्येंच्यासंगं घरला न्हाय गेलो तर पळाली म्हणतील वो."

ते खोटं नव्हतं. एका संध्याकाळीत त्या पोरीचा जन्म नासला असता. तिला समजावून सांगणं सोपं होतं, पण मीनाक्षीताई कुठल्या तोंडानं सांगणार? मग त्यांनी मायक्रोफोन जवळ ओढला.

"ऐका. हे केंद्र नृसिंह रेडिओ हाऊसचं आहे. नृसिंह हे माझे यजमान." मायक्रोफोन त्यांनी पोरीकडे वळवला. "मी घेतलं. आता तू घे."

पोरीनं डोळे मिटले. "गुंडू," ती पुटपुटली. मग अंगात आल्यासारखी ओरडली, "अवो मलकापूरचं गुंडू, हिकडं या की! रेडूवाल्या बाईंच्यात हाय मी!"

गुंडू गर्दी फोडत आला. पटका सुटलेला, तोंड गुलालानं लाल. "समद्या पेठंत नाव घेतलंस व्हय गं?" म्हणाला, आणि पटक्याच्या शेवानं डोळे पुसले.

दोघं मोटारीकडे पळाली, तोवर नृसिंहराव येऊन ठेपले. भवानी मंडपातला कर्णा बिघडला होता, म्हणून ते तिथं शिडी लावत होते. पलीकडच्या कर्ण्यातून आपलं नाव ऐकलं आणि शिडी तशीच सोडून धावत आले.

"पुन्हा एकदा म्हण की," ते हसत म्हणाले.

"आधी जाहिरातीचे पैसे भरा," मीनाक्षीताई म्हणाल्या, आणि आम्ही सगळे खो खो हसलो.

नृसिंहराव कर्णा दुरुस्त करायला परत निघाले, तशी ताईंनी सगळ्यांदेखत त्यांचा दंड धरला. बघितलं तर बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आज शिडीवर चढू नका," त्या म्हणाल्या. "राहू दे तो कर्णा बंद. तुम्ही इथं माझ्यापुढे बसा."