रेंज जायच्या आधी

चाकणला पहिली शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसमध्ये दापोडी येईपर्यंत सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून रील्स बघत बसायचे. लोकशाहीबद्दलचं माझं सगळं ज्ञान त्या रील्समधलंच. "सगळे चोर आहेत राव, मत देऊन काय होतंय," असं मी रोज तावातावाने सांगायचो आणि बाकीचे माना डोलवायचे.

एके दुपारी शेजारच्या वेल्डरने मोबाईलचा आवाज वाढवला. लातूरकडच्या त्याच्या गावची ग्रामसभा लाइव्ह चालू होती आणि बोलायला त्याची आई उभी राहिली होती. "आमच्या गल्लीतल्या नालीचं काय झालं, ते आदी सांगा," ती म्हणाली. सरपंच भलतंच काहीतरी बोलू लागले, पण ती खाली बसेना. बघता बघता अख्खी बस त्या मोबाईलभोवती गोळा झाली. "बसू नका मावशी!" सगळ्यांत जोरात मीच ओरडलो, जणू तिला ऐकू जाणार होतं.

तेवढ्यात बस थांबली. एरवी आमचा ड्रायव्हर कुणासाठी मिनिटभर थांबत नाही. "आता काय झालं?" मी खेकसलो.

"पुढं रेंज जाते," तो मागे वळून म्हणाला. "सरपंचांचं उत्तर येऊ द्या, मग निघू."