नारायणदादांचा नंबर

नारायणदादांच्या वाट्याचा उपचार माझ्या डोक्याला लागला.

काल सकाळी पेणला ते वारले.

मी रोह्याचा, केमिकल कंपनीतून रिटायर झालेला. ते पेणच्या गणपती कारखान्यातले. जन्मभर मूर्तींचे डोळे आखले, दुसरं काही केलं नाही. ओळख झाली मुंबईच्या हॉस्पिटलात, पार्किन्सनच्या ओपीडीत.

मी थरथरणारा हात खिशात लपवायचो. त्यांना ती सोय नव्हती. ब्रश धरणारा हात लपवणार कुठे? बाजारात लोक म्हणायचे, म्हातारा सकाळीच लावून येतो. आयुष्यात थेंबाला शिवले नव्हते बिचारे.

डॉक्टरांनी दोघांना एका स्टडीत घेतलं. ऑपरेशन नाही, चिरफाड नाही. डोक्याजवळ चुंबकाची कॉइल धरतात, टक टक आवाज येतो. त्याने मेंदूतलं डोपामिन वाढतं का, ते बघायचं. त्यासाठी आधी आणि नंतर रक्त घेतात, तपासण्या करतात.

अर्ध्या पेशंटना खरं मशीन, अर्ध्यांना नुसता आवाज. आत जाणाऱ्या कितव्या नंबरला काय मिळणार, हे आधीच ठरलेलं, आणि शेवटपर्यंत कुणाला सांगणार नाहीत. सही घेताना हे सगळं समजावलं होतं.

पहिल्या दिवशी दादांचा नंबर माझ्या आधी होता.

मी सारखा घड्याळ बघत होतो. रोह्याला गाड्या किती, तुम्हाला माहीत आहेच. एक चुकली की बोंबला.

"भाऊ, तुमी जा आधी. मना काय, पेनपरत कायपन भेटंल."

मी उठलो आणि गेलो. आपल्याकडे गाडी पकडायची असेल त्याला पुढे सोडतातच, त्यात काय एवढं?

पुढे कमालच झाली. मला फरक पडला, पण हळूहळू. दादांचा हात मात्र महिन्याभरात ब्रश धरायला लागला. सीझनला कारखान्यात बसून डोळे आखले त्यांनी. व्हिडिओ कॉल लावून फोन मूर्तीसमोर धरला आणि विचारलं, बाप्पा बघतोय का नाय तुमच्याकडं?

बघत होता. शप्पथ सांगतो, थेट माझ्याकडे.

स्टडी संपल्यावर डॉक्टरांनी दोघांना सांगितलं. मला खरं मशीन लागलं होतं. दादांना नुसता आवाज.

मला वाटलं, डॉक्टर उलटं बोलले. ते म्हणाले, नुसत्या आशेनेसुद्धा मेंदूत डोपामिन सुटतं, दादांनी काही नाटक केलेलं नाही. तरी दादा मान खाली घालून बसले होते, चोरी पकडल्यासारखे. नंबर घेतला मी, आणि मान खाली त्यांची.

परतीच्या गाडीत कसंबसं म्हणालो, "दादा, तो नंबर तुमचा होता."

"मंग काय झाला? गाडी चुकली आसती ना तुमची."

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. ब्रश हातात ठरत नव्हता.

"हात कालपरत आयकत व्हता. आता त्यालापन कललं."

हॉस्पिटल त्यांना खरा कोर्स द्यायला तयार होतं. मी मागे लागलो. ते म्हणायचे, माघी गणपती होऊ दे. हात चालत नव्हता तरी कारखान्यात जाऊन बसायचे, पोरांना तोंडाने सांगायचे, बुबुळ जरा वर घे, नजर पडतेय खाली. मग न्यूमोनिया झाला आणि सगळं राहिलं.

नंबर बदलला नसता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांना विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता कमेंटमध्ये लिहाल, तुमचा काय दोष. दोष नाही, मलाही कळतं. लाज वाटते त्याला काय करू?

काल घरी गर्दी होती. तोंडात तुळशीचं पान ठेवायला लोक रांगेने उभे. मी मुद्दाम सगळ्यांच्या मागे थांबलो होतो. त्यांच्या मुलाने बघितलं, हाताला धरून पुढे आणलं.

"काका, तुमी आधी या. तुमची गाडी हाय."

मी पुढे झालो. पान ठेवलं.

माझा हात जरासुद्धा थरथरला नाही.

दादा, माफ करा. या रोहेकराचा शेवटचा नमस्कार.