उन्हाळ्याचा अंक

तुळशीरामजींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण मासिकवाल्यांनी जुनाच लेख नव्या फोटोखाली खपवलाय, हे त्यांच्याइतकं लवकर ओळखणारा वाचक मी दुसरा पाहिला नाही. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायचो आणि ते फळीवर रंधा मारत ऐकायचे. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला रंधा थांबायचा. "झालं हे," ते म्हणायचे. "याच्यापुढं तो गाठीचा दोर डाव्या अंगानं घ्याले सांगते. पाह्य वाचून." मी पुढं वाचायचो. दोर डाव्या अंगानंच निघायचा.

ही सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. नागपूरच्या अंबाझरी तलावावर आमचा दहा-बारा हौशी लोकांचा शिडाच्या होड्यांचा एक क्लब होता. ज्या शहरातून समुद्र बघायला जायचं तर रेल्वेत रात्र काढावी लागते, त्या शहरात शीड लावून हिंडणं म्हणजे लोकांना आयतीच करमणूक. मी सीताबर्डीवरच्या एका कचेरीत कारकून होतो आणि दर रविवारी सायकलनं तलावावर जायचो. होड्या दोनच होत्या, पाखरू आणि राणी. दोन्ही सागवानी फळ्या जोडून केलेल्या. त्यांची डागडुजी करायला ठेवलेले सुतार म्हणजे तुळशीरामजी. मूळचे काटोलकडचे, तीन पिढ्या बैलगाड्या करणाऱ्या घरातले, पन्नाशी उलटलेले, बुटके आणि मनगटानं जाड. पहिला महिना ते मला "बाबूजी, तुमी" म्हणाले. दुसऱ्या महिन्यात "गा" या सलगीच्या हाकेवर आले आणि मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

क्लबात विलायतेहून होड्यांचं एक मासिक यायचं. जहाजानं यायचं, त्यामुळे पोचेपर्यंत तीन महिने शिळं झालेलं असायचं. त्याच्या नावानं आम्ही सगळेच कुरकुरत होतो. दर वर्षी त्याच दहा गाठी, तोच नांगर, बोट लागल्यावर काय खावं हाच सल्ला. अंबाझरीत कुणाला बोट लागली असती तर आम्ही त्याचा सत्कारच केला असता! पण आमची कुरकुर चहाबरोबर संपायची. तुळशीरामजींना मात्र खरा राग यायचा.

"पाव्हणा आला अन् त्यानं दरसाली तेच गाऱ्हाणं सांगतलं," ते म्हणायचे, "तं आपण त्याले म्हणतो का नाही, बापू, हे झालं, आता दुसरं सांग? मंग याले काहून कोनी म्हणत नाही? विलायतेचा हाये म्हणून?"

सर्वांत जास्त राग होता तो 'हिवाळ्यात होडीची निगा' या लेखावर. तो दर वर्षी न चुकता यायचा. होडी पाण्याबाहेर काढा, छपराखाली ओंडक्यांवर ठेवा, वरून ताडपत्री घाला, चार महिने कोरडी राहू द्या. तिकडं बर्फ पडतो, त्यांना ते ठीक. पण आमच्या सेक्रेटरीसाहेबांची त्या मासिकावर फार श्रद्धा. ते निवृत्त इंजिनियर होते, छापील शब्दापुढं नमणारे. आपल्याकडं हिवाळ्यात होड्या चालतात, बंद राहतात त्या उन्हाळ्यात, म्हणून ते हा सगळा विधी एप्रिलमध्ये करायला लावत. मग नागपूरचं ऊन दोन महिने त्या पत्र्याच्या शेडमध्ये आपलं काम करायचं. जूनमध्ये ताडपत्री काढली की फळ्यांच्या फटींतून बोट जाई. मग तुळशीरामजी अर्धा पावसाळा सूत आणि राळ भरत बसायचे.

"गाडीचं चाक ढिलं झालं तं कास्तकार काय करते? नाल्यात नेऊन टाकते," ते साहेबांना सांगायचे. "लाकूड पाणी पेते अन् फुगते. होडी बी लाकडाचीच ना साहेब?"

"तुळशीराम, मासिकात स्पष्ट लिहिलंय."

"त्यायच्या मासिकात मे महिना कसा असते, ते बी वाचून दाखवा ना मंग."

साहेबांनी ते वाचून दाखवलं नाही, कारण मे महिन्यात तिकडं लोक उघड्यानं ऊन खात बसतात.

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये मी एका रविवारी गेलो तर शेडमध्ये राणी एकटीच होती. साहेब काठावर येरझाऱ्या घालत होते. पाखरू कुठं आहे, असं त्यांनी विचारलं होतं आणि तुळशीरामजींनी तलावाकडं बोट दाखवून एका शब्दात उत्तर दिलं होतं, "बुडवली." शीड, दोर, वल्ही काढून ठेवली होती, आत गोल दगड भरले होते आणि बांधाजवळच्या पाण्यात तिला नीट बसवलं होतं.

"ती वर आली नाही किंवा कुजून आली, तर तुमचं इथलं काम संपलं," साहेब म्हणाले.

"मंजूर. अन् राणी फाटली तं?"

तुळशीरामजींचं घर त्या पगारावर चालत होतं, हे मला माहीत होतं. ते स्वतः निवांत होते. रोज सकाळी बांधावर जाऊन पाण्याला विचारायचे, "काय वं पाखरू, थंड वाटते ना?"

जुलैत तलाव भरला. राणीला पाण्यात सोडलं. पाव तासात ती गुडघाभर भरली. मग आम्ही चौघांनी गळ्याएवढ्या पाण्यात बुड्या मारून पाखरूतले दगड काढले, तिला काठाशी ओढून उपसलं, गाळ धुतला. ती वर येऊन डुलायला लागली. तुळशीरामजी आत चढले, तळ पुसून तासभर थांबले, मग फळ्यांवर पंचाचं कोरडं टोक दाबलं आणि ते उंच धरून साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, "योगायोग असतो." पण पुढच्या एप्रिलमध्ये त्यांनी दोन्ही होड्या बुडवायला सांगितलं, आणि तेही अशा थाटात की जणू कल्पना त्यांचीच.

तुळशीरामजींना तेवढ्यानं समाधान नव्हतं. "लिही गा," ते मला म्हणाले. मी लिहिलं. तुमच्या मासिकात दर वर्षी हिवाळा येतो. आमच्या गावात दर वर्षी उन्हाळा येतो. आमचा उन्हाळा तुमच्या मासिकात कधी येईल? खाली होडी बुडवण्याची पूर्ण रीत, दगडांच्या आकारासकट, आणि शेवटी त्यांचा अंगठा.

उत्तर आलं. पत्र रंजक वाटलं, पण आमच्या वाचकांना अशी अडचण सहसा येत नाही. सोबत सप्रेम भेट म्हणून एक पुस्तिका होती, 'हिवाळ्यात होडीची निगा'.

"म्हंजे मी वाचक नोहो?" तुळशीरामजींचा आवाज चढला. "पयल्या पानापासून शेवटच्या पानापावतर सारं आयकतो. त्यायच्याकडं इतकं कोन वाचते?" त्या पुस्तिकेनं त्यांनी राळेच्या भांड्याखालचा जाळ पेटवला.

पुढं छातीच्या दुखण्यानं ते अंथरुणाला खिळले. गांधीबागेच्या मागच्या गल्लीत त्यांच्या मुलाचं घर होतं. मी दर रविवारी दुपारी नवा अंक घेऊन जायचो. एकदा तोच हिवाळ्याचा लेख निघाला. त्यांच्या चेहऱ्याकडं बघून माझा धीर झाला नाही. मी पानावर नजर ठेवून सरळ खोटं वाचायला लागलो. उष्ण प्रदेशात लाकडी होडी उन्हाळाभर पाण्याखाली ठेवावी...

त्यांनी डोळे मिटून घेतले. "गोटे कसे घ्याले सांगते?"

"गोल. धार नसलेले."

"सुताराचं नाव देल्लं?"

"दिलंय ना. तुळशीराम, नागपूर."

त्यांनी डोळे उघडले. "इतकं वाचलं, पण पान नाही उलटवलं तू." मी खाली बघितलं. "मले बरं वाटावं म्हणून त्यायले चांगलं करून राहिला काय गा? जे त्यायनं लिहिलं नाही, त्याचं पुण्य त्यायले काहून देतं? कागद काढ."

मी कागद काढला. धाप लागत होती तरी त्यांनी सगळं सांगितलं. ते जुनंच पत्र होतं, शब्दन् शब्द. मी म्हटलं, तुळशीरामजी, हे तर आधीचंच झालं, काही नवीन घालू या.

"एक अक्षर नको बदलू. मी गेल्यावर बी दरसाली धाडजो. तेच तेच वाचाले कसं लागते, त्यायले बी समजू दे."

महिन्याभरात ते गेले. त्याला आता बारा वर्षं झाली. त्यानंतर विलायतेहून एकदाही उत्तर आलेलं नाही. यंदाचं पत्र मी काल पेटीत टाकलं. एक अक्षर बदललेलं नाही.