थर्मासात चहा नव्हता

दोंडाईचा स्टेशनावर मला सोडायला आलेल्या काकांना चहाची तल्लफ आली होती. सुरतेची गाडी लेट, स्टॉल बंद, आणि माझ्या मांडीवर लाल थर्मास. "दे ना बेटा, घोटभर," ते म्हणाले. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तो हिना मामासाठे शे." दोंडाईच्याहून सुरतेला मामासाठी चहा नेणारं आमचं कुटुंब पहिलंच असावं. काकांनी भुवया उंचावल्या, पण वहिनीच्या तोंडी लागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. काका, त्या थर्मासात चहा नव्हता. बर्फाचं पाणी होतं आणि त्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या इन्सुलिनच्या दोन बाटल्या होत्या.

मी चौदा वर्षांची होते. त्या उन्हाळ्यात मी घागरीच्या घागरी पाणी पीत होते आणि तरी वाळत चालले होते. शेवटी धुळ्याला दवाखान्यात आठ दिवस काढले. गावाला सांगितलं, टायफॉइड. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिच्या शरीरात इन्सुलिन तयार होणं बंद झालंय, गोड खाण्याशी याचा काही संबंध नाही, आणि आता रोज सुई घ्यावी लागेल, जन्मभर. आईने पहिला प्रश्न विचारला तो मी बरी होईन का, हा नव्हता. ती म्हणाली, "कोनले सांगनं पडी का?" धाकटी बहीण घरात होती. एकीला रोग निघाला म्हटल्यावर दुसरीला कोण पत्करणार, हे तिने त्या खाटेशीच ठरवून टाकलं होतं. मी तिला त्याबद्दल फार वर्षं माफ केलं नाही.

घरी आल्यावर धान्याच्या खोलीत, कडी लावून, पोत्यांच्या मागे बसून मी सुई टोचायची. चार महिन्यांनी काकू विचारायला लागल्या की पोरगी जेवणाआधी कडी का लावते. मग माझं सुरतेला मामाकडे शिकायला जायचं ठरलं. तुम्हा सगळ्यांना वाटलं, पोरीला शिकायची हौस. काहींना वाटलं, हवा डोक्यात गेली. नंतर लग्नाला नाही म्हणत गेले तेव्हा तर तुमची खात्रीच पटली. मी नाही म्हणत नव्हते. दोन ठिकाणी मी खरं सांगितलं आणि ते नाही म्हणाले, एवढंच.

सुरतेतल्या नवागाममधली मामाची रूम एवढीशी, त्यात आम्ही सहा जण. कडी लावायला दारच नव्हतं, पडदा होता. दुसऱ्याच सकाळी समोरच्या बाईने मला पोटात सुई खुपसताना पाहिलं आणि ती पाणी भरायला निघून गेली. मी दिवसभर घाबरून बसले. मामा लूमच्या खात्यातून, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यातून, बारा तास उभा राहून आला आणि हसला. "आठे कोनले टाइम शे दखाले?" खरंच, बघायला वेळ कोणालाच नव्हता. सुरत मला आवडली नाही. तो खडखडाट, ती गटारं, भाजीवाल्याशी गुजरातीत, घरमालकाशी हिंदीत आणि मामीशी अहिराणीत बोलता बोलता मी नेमकी कोणत्या भाषेत विचार करते हेच कळेनासं झालं. पण जिथे माझं कोणीच नव्हतं तिथे मी उघड सुई घेऊ शकत होते, आणि जिथे सगळे माझे होते तिथे कडी लावावी लागत होती. हे काही मला पचलं नाही. गावी गेले की तिसऱ्या दिवशी परतीची गाडी बघायची, आणि सुरतेत उतरले की गावाची.

नर्सिंग झाल्यावर मी एका दवाखान्याच्या संशोधन विभागात लागले. मधुमेह, थायरॉइड, वाढीचे आणि हार्मोनचे इतर आजार असलेली मुलं आणि मोठी माणसं इथे वर्षानुवर्षं अभ्यासात असतात. त्यांची उंची-वजनं घ्यायची, रक्ताचे नमुने घ्यायचे, साखरेच्या वह्या तपासायच्या, आणि मुख्य म्हणजे कोणी मधेच गळू नये म्हणून मागे लागायचं, ही माझी नोकरी. खानदेशी कुटुंब आलं की माझ्याकडेच पाठवतात. त्यांना मी संमतीपत्र वाचून दाखवते. त्यात एक वाक्य असतं, की तुमची माहिती गुप्त ठेवली जाईल. बाकीच्या पानांवर आया जांभया देतात, या वाक्याला मात्र मान वर करतात. मी ते दोनदा वाचायची. खरं सांगायचं तर ते मला स्वतःलाच फार आवडायचं.

काजलच्या आईलाही मी ते दोनदा वाचून दाखवलं होतं. काजल अकरा वर्षांची, माझाच आजार, आणि हे मी त्या दोघींना सांगितलंही होतं. आई ज्योती साड्यांना लेस लावायचं काम घरी आणून करते. काजलची वही इतकी नीटस की मी ती दुसऱ्यांना दाखवायची. गेल्या हिवाळ्यात त्या दोघी लग्नासाठी अमळनेरकडे गावी गेल्या आणि चौथ्या दिवशी काजल धुळ्याला अतिदक्षता विभागात होती. उलट्या, धाप, शुद्ध हरपलेली. लग्नघरातले लोक दृष्ट काढत बसले होते. पोरगी वाचली.

फॉर्मवर डोस चुकल्याचं कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, कुटुंब गावी गेलं होतं. आमच्या डॉक्टर मॅडमनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "आ कंई कारण नथी," त्या म्हणाल्या. गावी गेल्याने कोणाचं इन्सुलिन थांबत नाही, खरं कारण आणा.

मी नवागामला ज्योतीच्या घरी गेले. ती लेस लावत होती, मान वर न करताच तिने सांगितलं. लग्नघर माणसांनी गच्च भरलेलं, सुई द्यायला कोपरा सापडला नाही, म्हणून तिने काजलचं जेवणच कमी केलं. खाणं कमी, म्हणजे सुईची गरज कमी, असा तिचा हिशोब. मी ओरडलेच. इतक्या वेळा सांगितलं होतं की उपाशी असली तरी इन्सुलिन लागतं. तेव्हा तिने सुई-दोरा खाली ठेवला.

"तुम्हीच सांगेल व्हतं ना ताई, कोनले सांगानं नही. दोनदा वाचं व्हतं तुम्ही."

ते वाक्य आमच्यासाठी होतं, दवाखान्यासाठी. आम्ही तुमचं कोणाला सांगणार नाही, असं. तिने ते स्वतःला लागू केलं होतं, आणि मी ज्या सुरात वाचलं होतं त्यात तिची काही चूक नव्हती. मी समजावायला लागले. गावाला सांगा, सासूला सांगा, लपवू नका. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमना गावमा माहीत शे का?"

मी उठून आले. फॉर्मवर खरं कारण लिहिलं, आणि त्यात माझ्या वाचण्याचाही उल्लेख केला. आता ते वाक्य मी एकदाच वाचते आणि नंतर ते कोणावर बंधन घालतं ते सांगते. पण ज्योतीचा प्रश्न काही सुटेना. आईला फोन केला, या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी सगळ्यांसमोर सुई घेणार. धाकटीचं लग्न होऊन पोरं झाली होती, आता कसली भीती? आई म्हणाली, "तुनं ठीक शे. सतरा वरीस खोटं मी बोलनू." तिचं म्हणणं बरोबर होतं, गावापुढे खोटी ती ठरणार होती, म्हणून मला आणखीच चीड आली.

आखाजीला ओटीवर पंगत बसली. काकू, चुलत बहिणी, माहेरपणाला आलेल्या लेकी. मी इन्सुलिनचं पेन काढलं, टोपण उघडलं, पदर बाजूला केला. चुलत बहिणी वाकून बघायला लागल्या. आई चुलीपुढे खापरावरून पुरणाचा मांडा उतरवत होती. तिने मागे न वळता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "किती खाशी ते पहिले सांग. मंग सुई ले."

हे ती मला आजवर धान्याच्या खोलीत, कानात विचारायची. मी म्हटलं, एक मांडा आणि वाटीभर रस. तेवढे युनिट लावले आणि घेतले. काकूंनी रसाची वाटी पुढे सरकवली. घर म्हणजे मला आता एवढंच हवंय, सुईआधी कोणीतरी मोठ्याने विचारावं, किती खाणार.

जेवण झाल्यावर अंगणात जाऊन ज्योतीला फोन लावला. सांगितलं, माझ्या गावाला माहीत झालं.

"कोन्ही काही बोलनं का?"

"नाही. किती खाणार विचारलं."

"बस? इतलंच?"

"इतलंच," मी म्हटलं, आणि एवढ्याशासाठी मी सतरा वर्षं घराबाहेर काढली, या रागाने मला तिथेच उभ्या उभ्या रडू फुटलं.